क्षितिजावरचा घोडेस्वार : जुने वेस्टर्न चित्रपट डीव्हीडीवर आणि ब्लू-रेवर

फील्डक्राफ्टच्या पहिल्याच तासाला छात्रांना शिकवले जाते, की वस्तू दिसते ती आकारामुळे, सावलीमुळे, आकाशावर उमटणाऱ्या बाह्यरेखेमुळे, पृष्ठभागाच्या पोतामुळे, वस्तू-वस्तूंमधल्या अंतरामुळे आणि हालचालीमुळे. शनिवारी रात्री सभागृहात वेस्टर्न चित्रपट लागतो, तेव्हा हाच धडा उलट्या बाजूने चालतो. वैराण पठार, मागे लाल खडकांचे सुळके आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी हलणारा एक ठिपका. तो घोडेस्वार आहे. तो मित्र की शत्रू, एकटा की टोळीचा म्होरक्या, हे प्रेक्षकाला लगेच कळू नये, पण डोळे ताणले तर कळावे, अशी दिग्दर्शकाने मुद्दाम केलेली ती योजना असते.

डीव्हीडीवर हा ठिपका पुष्कळदा ठिपकाच राहतो. ब्लू-रेवर त्याला टोपी येते, लगाम धरलेला हात येतो, घोड्याच्या खुरांमागे धूळ येते. आपल्या फिल्म क्लबच्या कपाटात जुन्या वेस्टर्न चित्रपटांच्या डीव्हीडी बऱ्याच आहेत. त्या बदलाव्यात का, आणि बदलायच्या तर आधी कोणत्या, असा प्रश्न छात्र विचारतात आणि भेटीच्या रविवारी पालकही विचारतात. ‘ब्लू-रे चांगली असते’ एवढे उत्तर त्याला पुरत नाही. काही चित्रपटांत फरक एवढा असतो की आधी पाहिलेला चित्रपट पाहिलाच नव्हता असे वाटावे. काहींत मात्र पैसे खर्चून हाती फारसे लागत नाही. असे का होते, ते नीट समजून घेऊ.

आधी थोडे आकडे. आपल्याकडे चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्राची प्रत्येक चौकट आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू मिळून बनते, म्हणजे एकूण ४,१४,७२० बिंदू. ब्लू-रेवर हेच आकडे १९२० आणि १०८० असतात, म्हणजे २०,७३,६०० बिंदू. भागाकार करून पाहा, बरोबर पाच येतो. अमेरिकेतून आणलेली डीव्हीडी ७२० गुणिले ४८० बिंदूंची असते; तिच्याशी तुलना केली तर सहा.

एकाच आकाराच्या चकतीवर एवढे जास्त मावते कसे? डीव्हीडी वाचणारा लेझर लाल असतो, त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. ब्लू-रेचा लेझर निळसर जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. टोक जितके बारीक तितके अक्षर बारीक काढता आणि वाचता येते, तसेच हे. डीव्हीडीवर माहितीच्या दोन वळ्यांमधले अंतर ०.७४ मायक्रोमीटर असते, ब्लू-रेवर ०.३२. त्यामुळे दोन थरांच्या डीव्हीडीवर ८.५ गिगाबाइट मावतात, तर दोन थरांच्या ब्लू-रेवर ५०.

हा साठ्याचा आकडा बिंदूंच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि बहुतेक लोक तो विसरतात. सर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) सुमारे १६५ मिनिटांचा आहे. पूर्ण डीव्हीडी त्याला दिली तरी चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला जेमतेम ७ मेगाबिट वाट्याला येतात. ब्लू-रेवर तेच ४० पर्यंत जातात, शिवाय तिथे वापरली जाणारी एच.२६४ ही कॉम्प्रेशनची पद्धत डीव्हीडीच्या एमपेग-२ पेक्षा बरीच काटकसरी आहे. डीव्हीडीला त्यामुळे सतत काहीतरी सोडून द्यावे लागते. ती काय सोडते? चौकटीत सगळीकडे पसरलेला आणि सतत बदलणारा बारीक तपशील तिला परवडत नाही: गवत, वाळू, खडी, पाण्यावरची लहर, उडालेली धूळ. चेहरा मोठा असतो, त्याच्या रेषा ठळक असतात, तो ती सांभाळते.

माझ्या मते सगळ्या तुलनेचे मर्म इथे आहे. दिवाणखान्यात घडणारा कौटुंबिक चित्रपट डीव्हीडीवर पाहिला तर फार काही हरवत नाही, कारण तो चेहऱ्यांवर चालतो. वेस्टर्न जमिनीवर चालतो. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा पश्चिम भाग, कायदा पोहोचण्याआधीची गावे, गुरांचे कळप, घोडदळाच्या चौक्या आणि ज्यांची ती मूळ भूमी होती ते लोक, हे सगळे तिथल्या विस्तीर्ण भूप्रदेशाशिवाय समजत नाही. पाणी कुठे आहे, उंचवटा कुणाच्या ताब्यात आहे, खिंडीतून किती जण येऊ शकतात, यावर कथा वळते. डीव्हीडी चेहरा ठेवते आणि जमीन सोडते. म्हणून या चित्रप्रकाराचे नुकसान इतरांहून जास्त होते.

जॉर्ज स्टीव्हन्सच्या ‘शेन’ (१९५३) ची सुरुवात आठवा. दरीत वसलेले एकाकी घर, मागे वायोमिंगमधल्या टीटन पर्वताची बर्फाळ रांग. एक लहान मुलगा हरणावर बंदूक रोखतो, हरीण मान वर करते आणि त्याच्या शिंगांच्या मधोमध, खूप दूर, एक घोडेस्वार येताना दिसतो. अख्खा चित्रपट त्या एका क्षणात बांधलेला आहे. स्वाराने चौकटीच्या उंचीचा चाळिसावा भाग व्यापला आहे असे धरू. डीव्हीडीवर तो सुमारे १४ ओळींत काढावा लागेल, ब्लू-रेवर २७ ओळींत. चौदा ओळींत घोडा, माणूस आणि टोपी बसवून पाहा. आलेख कागदावर चौकोन रंगवून करण्यासारखा हा प्रयोग आहे, आणि आठवीच्या छात्रांनी तो जरूर करावा.

इथे एक बारकावा आहे. ‘शेन’ जुन्या, जवळजवळ चौकोनी आकारात चित्रित झाला, रुंदी उंचीच्या १.३७ पट. डीव्हीडी मुळात जुन्या टीव्हीच्या आकारासाठी बनलेली असल्यामुळे असा चित्रपट तिचे सगळे ५७६ आडवे पट्टे वापरतो. ब्लू-रेवर मात्र त्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडावे लागतात आणि १९२० पैकी साधारण १४८०च बिंदू आडवे उरतात. म्हणजे पाचपट असलेला फरक पावणेचार पटीच्या आसपास येतो. याउलट १९५३ नंतर आलेले रुंद पडद्याचे चित्रपट घ्या, रुंदी उंचीच्या २.३५ पट. डीव्हीडीवर त्यांना वर-खाली काळे पट्टे लागतात आणि चित्राला सुमारे ४३६ ओळी उरतात. डीव्हीडीच्या सुरुवातीच्या काळातल्या, जुन्या टीव्हीच्या चौकटीतच पट्टे घातलेल्या प्रतींत तर ३२७च. आपला चाळिसाव्या भागाएवढा घोडेस्वार तिथे आठ ओळींचा होतो. आठ ओळींत टोपी बसत नाही.

त्याहून वाईट अवस्था म्हणजे ‘फुल स्क्रीन’ असे छापलेल्या डीव्हीडी. टीव्हीचा पडदा पूर्ण भरावा म्हणून त्यांत रुंद चित्राच्या बाजू कापलेल्या असतात. २.३५ पट रुंदीच्या चित्राचा यात सुमारे ४३ टक्के भाग जातो. दोन बंदूकधारी चौकटीच्या दोन टोकांना उभे आहेत आणि मधली रिकामी जागा हाच त्या प्रसंगाचा ताण आहे. अशा वेळी पडद्यावर एकच माणूस उरतो आणि तो कुणाकडे बघतोय ते कळत नाही. आपल्यापैकी अनेक पालकांनी ‘शोले’ टीव्हीवर किंवा व्हिडिओ कॅसेटवर असाच कापलेला पाहिला असेल. लिओनेच्या वेस्टर्नचे त्याच्यावरचे ऋण पूर्ण चौकट पाहिल्यावरच नीट ध्यानात येते. कपाटात अशी ‘फुल स्क्रीन’ डीव्हीडी असेल तर तिच्याविषयी वेगळा विचार करायची गरज नाही, ती आधी बदलावी.

आकाराचा वाद ब्लू-रेलाही चुकला नाही. ‘शेन’ चित्रित झाला तेव्हा चौकोनी आकारच चालत होता, पण प्रदर्शित होईपर्यंत रुंद पडद्याची लाट आली होती आणि काही चित्रपटगृहांत तो वर-खाली कापून १.६६ पट रुंदीत दाखवला गेला. २०१३ मध्ये ब्लू-रे काढताना आधी तोच कापलेला आकार जाहीर झाला. रसिकांनी आणि समीक्षकांनी विरोध केला, तेव्हा निर्णय बदलून मूळ आकार ठेवण्यात आला. कापलेल्या आकारात उंचीचा सहावा हिस्सा गेला असता, आणि ‘शेन’मध्ये उंची म्हणजे तो पर्वत आहे.

आता डीव्हीडीचा आणखी एक दोष, जो एकदा दिसला की मग दिसतच राहतो. जुन्या लहान टीव्हीवर चित्र धारदार वाटावे म्हणून अनेक डीव्हीडी तयार करताना वस्तूंच्या कडा कृत्रिमरीत्या ठळक केल्या गेल्या. त्याचा परिणाम म्हणजे गडद वस्तूभोवती बारीक पांढरी कड. संध्याकाळच्या आकाशावर उमटलेली घोडदळाची रांग पाहा, प्रत्येक स्वाराभोवती खडूने रेघ ओढल्यासारखे दिसेल. बाह्यरेखा लपवावी कशी हे आपण शिकतो. इथे ती दोनदा काढलेली असते. चांगल्या ब्लू-रेवर हे नसते, कारण खरा तपशील असला की खोट्या धारेची गरज उरत नाही.

पण ब्लू-रे शेवटी निगेटिव्हमध्ये जे आहे तेच दाखवणार. म्हणून मूळ चित्रपट कशावर चित्रित झाला हे पाहावे लागते, आणि वेस्टर्न चित्रपटांत याची विलक्षण विविधता आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला छिद्रे असतात. नेहमीच्या पद्धतीत एक चौकट चार छिद्रांची उंची घेते. व्हिस्टाव्हिजन पद्धतीत फिल्म कॅमेऱ्यातून आडवी धावते आणि एक चौकट आठ छिद्रांची होते; निगेटिव्हचे क्षेत्रफळ दुपटीहून जास्त. टेक्निस्कोप पद्धतीत याच्या नेमके उलट, दोनच छिद्रे. फिल्म निम्मी लागते, खर्च वाचतो, पण चौकट लहान असल्यामुळे तीच मोठ्या पडद्यावर जास्त ताणावी लागते आणि फिल्मचे रवे ठळक होतात. आठ, चार, दोन: एवढे लक्षात ठेवले तरी ब्लू-रेकडून किती अपेक्षा ठेवावी याचा अंदाज येतो.

जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ (१९५६) आठ छिद्रांचा आहे. अ‍ॅरिझोना आणि युटा यांच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीत, नाव्हाहो लोकांच्या भूमीत तो चित्रित झाला. पहिल्या दृश्यात काळोख्या घराचे दार उघडते आणि बाहेर उन्हात तळपणारे खोरे दिसते. त्या उन्हातून एक माणूस घोड्यावरून येत असतो. डीव्हीडीची अशा ठिकाणी दोन्हीकडून कोंडी होते. आतल्या काळोखात कॉम्प्रेशनचे चौकोनी ठोकळे हलताना दिसतात आणि बाहेरची वाळू सपाट रंगासारखी भासते. ब्लू-रेवर दाराची लाकडी चौकट, तिच्या कडेवर पडलेला उजेड, आणि दूरचा स्वार, तिन्ही एकाच वेळी दिसतात. डीव्हीडी आणि ब्लू-रे यांतला फरक कुणाला एकाच दृश्यात दाखवायचा झाला, तर मी हेच दृश्य लावीन.

फोर्ड आणि स्टीव्हन्स दोघांनीही युद्ध जवळून पाहिले होते, हे आपल्या वाचकांना सांगायला हवे. फोर्डने अमेरिकी नौदलाच्या सेवेत असताना जून १९४२ मध्ये मिडवेची लढाई प्रत्यक्ष चित्रित केली आणि त्यात तो जखमी झाला. स्टीव्हन्स सैन्याच्या सिग्नल कोअरच्या चित्रण तुकडीबरोबर नॉर्मंडीपासून जर्मनीपर्यंत गेला, छळछावण्याही त्याने चित्रित केल्या. ‘शेन’मध्ये गोळी लागलेला माणूस चिखलात मागे फेकला जातो, तो त्याआधीच्या वेस्टर्नमधल्यासारखा हळूच गुडघ्यावर बसत नाही. या लोकांनी पडद्यावर भूभाग दाखवला तो सजावट म्हणून दाखवलेला नाही.

फोर्डचाच ‘शी वोअर अ यलो रिबन’ (१९४९) हा घोडदळाचा चित्रपट आपल्या छात्रांना विशेष आवडतो. निवृत्तीला काही दिवस उरलेला कॅप्टन ब्रिटल्स, आणि ती भूमिका करणारा जॉन वेन त्या वेळी जेमतेम चाळिशीचा. हा चित्रपट तीन फितींच्या टेक्निकलर पद्धतीचा. कॅमेऱ्यातल्या लोलकामुळे प्रकाश विभागला जाऊन तीन वेगवेगळ्या कृष्णधवल निगेटिव्हवर रंगांच्या तीन नोंदी होत. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये रंग नसतोच, त्यामुळे तो विटण्याचा प्रश्न येत नाही. नंतरच्या एकाच फितीच्या रंगीत निगेटिव्ह मात्र काळाबरोबर फिक्या पडतात. अडचण एवढीच, की तीन फिती इतक्या वर्षांत सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. तिन्ही नोंदी एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत तर निळ्या गणवेशाच्या कडेला लाल-हिरवी झालर दिसते. संगणकावर त्या चौकटीगणिक जुळवता येऊ लागल्यापासून हे चित्रपट पुन्हा पूर्वीसारखे दिसू लागले.

रंगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दोन्ही प्रकारच्या डिस्कवर रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून निम्मी साठवली जाते, कारण डोळा रंगाच्या तपशिलाबाबत कमी चोखंदळ असतो. डीव्हीडीवर रंगाचे बिंदू म्हणून उरतात ३६० गुणिले २८८. ब्लू-रेवर ९६० गुणिले ५४०. म्हणजे ब्लू-रेवरच्या नुसत्या रंगाचा तपशील डीव्हीडीवरच्या अख्ख्या चित्राच्या तपशिलापेक्षा जास्त भरतो. केसांत बांधलेली पिवळी फीत किंवा गणवेशावरचा पिवळा पट्टा लांबून डीव्हीडीवर शेजारच्या निळ्यात का मिसळतो, ते यावरून कळेल. याच चित्रपटात वादळ घोंघावत असताना घोडदळाचा तांडा चालत राहतो. जांभळे आकाश, मागे विजा, पुढे पायी चालणारे जवान. छायाचित्रकार विन्टन हॉक यांना या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले.

आता दोन छिद्रांच्या बाजूला जाऊ. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’च्या सुरुवातीला तीन बंदूकधारी स्टेशनवर गाडीची वाट पाहतात. एकाच्या चेहऱ्यावर माशी बसते, दुसऱ्याच्या टोपीवर थेंब थेंब पाणी पडते. लिओने पडदाभर चेहरे दाखवतो आणि मग एकदम मैलभर मोकळे माळरान. चेहरे डीव्हीडीवरही झकास दिसतात, हे कबूल करायला हवे. माळरान दिसत नाही. ब्लू-रेवर दोन्ही दिसतात, पण त्याबरोबर फिल्मचे रवेही दिसतात, आणि इथे अनेकांची फसगत होते. ‘एवढी महागाची डिस्क, आणि चित्रात मुंग्या कसल्या?’ असे एका पालकांनी मला विचारले होते. त्या मुंग्या म्हणजेच चित्र आहे. फिल्मवरची प्रतिमा रव्यांचीच बनलेली असते. ते पुसायला गेले की त्यांच्यासोबत त्वचेची छिद्रे, दाढीचे खुंट, कापडाची वीण हेही पुसले जाते आणि माणसे मेणाची दिसू लागतात. वेस्टर्न नसला तरी ‘पॅटन’ (१९७०) हा चित्रपट आपल्याकडे अनेकांनी पाहिलेला आहे. त्याची २००८ ची ब्लू-रे अशाच अति साफसफाईबद्दल टीकेची धनी झाली आणि २०१२ मध्ये सुधारून पुन्हा काढावी लागली.

रंगही बिघडवता येतो. लिओनेच्याच ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) ची २०१४ मध्ये आलेली ब्लू-रे तपशिलाने उत्तम, पण सगळ्या चित्रपटावर पिवळट छटा. निळे आकाशसुद्धा मळलेले. २०१७ च्या आवृत्तीत रंग बरेच सुधारले. त्यामुळे नुसते ‘ब्लू-रे’ हे शब्द पाहून घेऊ नये, आवृत्तीचे वर्ष पाहावे. या चित्रपटाच्या शेवटी जी गोलाकार दफनभूमी आहे, ती स्पेनमध्ये बुर्गोस प्रांतात स्पॅनिश सैनिकांकडून बांधून घेतली होती. हजारो कबरी, एकामागे एक वर्तुळे, आणि त्यांतून धावणारा एक माणूस. डीव्हीडीचा कस पाहायला याहून अवघड दृश्य शोधून सापडणार नाही. त्यातला पूलही लष्कराच्या अभियंत्यांनीच बांधला होता. इशारा समजण्यात घोटाळा झाला आणि कॅमेरे सुरू होण्याआधीच तो उडवला गेला. मग लष्कराने तो पुन्हा बांधला, पुन्हा उडवला. पडद्यावर दिसतो तो दुसरा.

कृष्णधवल चित्रपटांचे गणित निराळे. फ्रेड झिनेमनच्या ‘हाय नून’ (१९५२) मध्ये आकाश मुद्दाम पांढरेफटक ठेवले आहे. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी यांनी ढग खुलवणारे फिल्टर वापरले नाहीत. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातल्या छायाचित्रांसारखे रूक्ष चित्र त्यांना हवे होते. तिथे ब्लू-रेचा फायदा करड्या छटांच्या पायऱ्यांत दिसतो. शिवाय एक गंमत आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, पाल डीव्हीडी २५ चौकटी दाखवते, म्हणून चित्रपट चार टक्के वेगाने पळतो. दुपारी बाराच्या गाडीची वाट पाहणारा, भिंतीवरच्या घड्याळांवर बेतलेला हा ८५ मिनिटांचा चित्रपट पाल डीव्हीडीवर साडेतीन मिनिटे आधीच संपतो. ब्लू-रेवर घड्याळ मूळ चालीने चालते.

फोर्डच्या ‘स्टेजकोच’ (१९३९) ची मूळ निगेटिव्ह आज उपलब्ध नाही. जी ब्लू-रे आहे ती १९४२ च्या नक्कल निगेटिव्हवरून बनवली आहे, आणि ओरखडे दिसतात ते तसेच दिसू दिले आहेत. चित्र डीव्हीडीपेक्षा बरे आहे, पण ‘द सर्चर्स’सारखी उडी इथे अपेक्षू नये.

एवढे सगळे खरे असले तरी ते दिसते का, हा प्रश्न उरतोच. निरोगी डोळा साधारण एक कोनीय मिनिटाचा तपशील ओळखतो. मिलच्या भाषेत हे सुमारे ०.३ मिल, म्हणजे एक किलोमीटरवर २९ सेंटिमीटर. हाच हिशेब टीव्हीला लावा. ४० इंची टीव्हीची उंची सुमारे ५० सेंटिमीटर. डीव्हीडीची एक ओळ ०.८७ मिलिमीटर जाडीची पडते आणि ती तीन मीटरवरून वेगळी दिसेनाशी होते. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये मागच्या भिंतीला टेकून, चार मीटरवरून पाहणाऱ्याला बिंदूंचा फरक जवळजवळ जाणवणार नाही. रंग आणि कॉम्प्रेशनचा थोडा जाणवेल. सभागृहात तीन मीटर रुंद पडदा असेल तर हीच मर्यादा दहा मीटरवर जाते. पुढच्या निम्म्या रांगांना ब्लू-रेचा पुरेपूर लाभ, शेवटच्या रांगेला कमी. ज्येष्ठ छात्र मागे बसतात, हा त्यांचा प्रश्न.

आणि प्रोजेक्टर तपासा. शाळाशाळांतून वर्गासाठी घेतलेले बरेच प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८ बिंदूंचे असतात. त्यांवर रुंद चित्र लावले की १०२४ गुणिले ५७६ उरतात. म्हणजे ब्लू-रेच्या ओळी डीव्हीडीएवढ्याच. प्लेअरपासून प्रोजेक्टरपर्यंत जुनी पिवळी वायर जोडली असेल तर तेवढेही मिळत नाही, कारण त्या वायरीतून फक्त जुन्या दर्जाचे चित्र जाते. एचडीएमआय केबलच हवी. आधी १९२० गुणिले १०८० चा प्रोजेक्टर आणि मग डिस्क, हा क्रम उलटा करू नये.

प्रोजेक्टर ठीक असेल तर पहिल्या खेपेला ‘द सर्चर्स’, ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ आणि ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची २०१७ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी. त्यानंतर ‘शी वोअर अ यलो रिबन’ आणि ‘शेन’. ‘हाय नून’ जमेल तेव्हा. ‘स्टेजकोच’ची डीव्हीडी तूर्त आहे तशी राहू द्यावी.

जे पालक परदेशातून डिस्क पाठवू इच्छितात त्यांच्यासाठी एक सूचना. डिस्कना प्रदेशाची कुलपे असतात. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात येतो आणि अमेरिका पहिल्या. ब्लू-रेसाठी भारत सी विभागात, अमेरिका ए आणि युरोप बी विभागात. काही ब्लू-रे सर्व विभागांत चालतात, काही चालत नाहीत. वेष्टनाच्या मागच्या बाजूला षट्कोनी खुणेत अक्षर छापलेले असते. पैसे देण्याआधी ते वाचावे आणि फिल्म क्लबच्या प्रभारी शिक्षकांना कळवून, आपल्या प्लेअरवर ती डिस्क चालेल याची खात्री करून घ्यावी.